प्रवाळाचा रंग कोणता

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते म्हणून नव्हे, मला स्वतःलाच ते मान्य आहे. दूधवाल्याचं माप, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्या, अचानक पहिला आलेला विद्यार्थी, या सगळ्यांकडे मी आधी तिरक्या नजरेने पाहतो आणि मग सरळ. आमच्या तिवस्याच्या घरात हे दुखणं थोडंफार सगळ्यांनाच होतं. ते वाढलं त्या वर्षांत, जेव्हा वऱ्हाडात बियाण्याच्या पाकिटावरही भरवसा उरला नव्हता. मोठ्या भावाने एका साली सीलबंद पाकीट फोडून सरकी लावली. झाडं कमरेला लागली, हिरवीगार झाली, आणि बोंडं काही धरेनात. पाकिटावर शिक्का होता, चकचकीत स्टिकर होतं, दुकानदार तर नात्यातलाच होता. त्यानंतर घरात कुठलीही वस्तू आली की आई आधी विचारायची, "असली हाय का?" अंगाचा साबण आणला तरी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आम्ही पाणीसुद्धा फुंकायला लागलो होतो.

त्या काळात मी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. आमच्या प्रयोगशाळेत काचेचं एक कपाट होतं. त्यात बाटल्यांमधले मासे, एक सुकलेला तारामासा आणि खालच्या फळीवर प्रवाळ. एक मेंदूसारखा वळ्यावळ्यांचा गोळा, एक सांबराच्या शिंगासारखा फाटे फुटलेला, आणि एक अळंब्यासारखा चपटा. तिन्ही पांढरेशुभ्र. मी येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ते समुद्रावरून आणलेले होते. तपासणीची कमिटी यायची असली की आमचे प्रयोगशाळा परिचर मामा त्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायचे. सकाळी नव्यासारखे लख्ख. कमिटी वाकून पाहायची आणि "वा, छान मेंटेन केलंय" म्हणायची.

मीही अमरावतीला शिकताना असेच पांढरे प्रवाळ पाहिले होते. पुस्तकातल्या आकृत्या काळ्या-पांढऱ्या. प्रवाळ हा इवल्याइवल्या जिवांचा वाडा असतो, ते जीव स्वतःभोवती चुन्याची घरं बांधतात आणि त्यातून समुद्रात डोंगराएवढे खडक उभे राहतात, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवायचो. त्या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते त्यांना अन्न देतं आणि रंगही देतं, हेही मी दरवर्षी डिक्टेट करायचो. माझ्या पिवळ्या पडलेल्या नोट्समध्ये ते वाक्य तसंच्या तसं होतं, आणि फळीवर पांढरे गोळे होते. वीस वर्षं मी या दोन गोष्टी एकाच तासाला शिकवल्या. त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्यांची लबाडी शोधण्यात गुंतलेल्या माणसाला स्वतःच्या वहीकडे पाहायला सवड नसते.

शेवटच्या वर्षाच्या मुलांची समुद्राची सहल म्हणजे आमच्या विभागाचा सगळ्यात मोठा सोहळा. अकोल्याहून समुद्र म्हणजे दीड दिवसाचा प्रवास. बहुतेक मुलांनी तोवर काटेपूर्णाच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नसायचं. पूर्वी सहलीहून येताना पोती भरून शिंपले, खेकडे, प्रवाळाचे तुकडे आणायचे. पुढे प्रवाळाला हात लावायलाही कायद्याने बंदी आली. मग रीत अशी पडली की प्रत्येकाने जे पाहिलं त्याची पेन्सिलने आकृती काढायची, नावं द्यायची, जर्नलमध्ये लावायची. त्या जर्नलवर माझी सही झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. त्यामुळे वर्षातला एक महिना तरी मुलं माझ्याशी फार गोड बोलत.

त्या वर्षी दिवाळीआधी आम्ही मालवणला गेलो. ऑक्टोबरचं ऊन आम्हाला नवीन नव्हतं, पण समुद्राचं पाणी पायाला कोमट लागलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, "सर, हे तं आंघोळीचं काढून ठेवल्यावानी हाय." सगळे हसले. मीही हसलो.

होडीवाला पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा. त्याच्याकडे तळाला काच बसवलेला लाकडी डबा होता. तो पाण्यावर टेकवून वरून पाहिलं की खालचं सगळं स्वच्छ दिसायचं. आमची पोरं पोहणारी नव्हती, त्यामुळे आम्ही पाळीपाळीने होडीच्या काठाशी ओणवे होऊन पाहिलं. पहिली पाळी माझी. खाली खडकांवर मोठमोठे गोळे होते, पांढरेशुभ्र, उन्हात चमकणारे. मला इतका आनंद झाला की मी डब्यातच ओरडलो, "बघा, बघा, आपल्या लॅबसारखेच!"

होडीवाला वल्हं थांबवून म्हणाला, "ह्यां असां नसतां, सर. म्हयन्याभरापूर्वी ह्यां सगळां तांबूस-हिरव्यां होतां. पाणी तापलां, आणि ह्यां पांढरां पडलां. आजारी आसा तां."

मी डब्यातून डोकं वर काढलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. माझी सगळी वऱ्हाडी हुशारी त्या नजरेत होती. मला वाटलं, आलं, आता पुढचं वाक्य येणार. आणि आलंच. तो म्हणाला, पुढे एका जागी पाणी खोल आहे, तिथे थोडे अजून रंगीत आहेत, मुलांना तेच दाखवूया. मी विचारलं, "आणि त्याचे वेगळे किती?" तो म्हणाला, "काय नको. पोरांनी जितां प्रवाळ बघूक होयां."

फुकट न्यायला निघाला म्हटल्यावर तर मी पुरता सावध झालो. आमच्याकडे दुकानदार पिशवी फुकट देतो तेव्हा आतलं खत तपासून घ्यावं लागतं. मी त्याला म्हणालो, "अहो, मी वीस वर्षं प्रवाळ शिकवतो. प्रवाळ पांढराच असतो. तुम्ही होडी चालवा." तो पुन्हा वल्हं मारायला लागला. मुलं फिदीफिदी हसली. सरांनी कोकणातल्या माणसालाही गंडवू दिलं नाही, याचा मला परतीच्या वाटेवर चांगलाच अभिमान वाटत होता.

एक मुलगी हसली नव्हती, हे मला फार नंतर आठवलं. ती बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारी, मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिची पाळी आली तेव्हा तिने डबा सोडलाच नाही. मागचे ओरडायला लागले, मी दटावलं, तरी ती वाकूनच होती. उठली तेव्हा तिच्या कपाळावर लाकडाच्या काठाचा लाल वळ उठला होता. मग टोकाला जाऊन ती वहीत काहीतरी खरडत बसली. मला वाटलं, मळमळत असेल.

दिवाळीनंतर जर्नलं आली. वीसच्या वीस आकृत्या मी पाहत गेलो. एकोणीस सारख्या: पेन्सिलीची स्वच्छ रेघ, आत कोरं, खाली नाव. विसावं जर्नल तिचं. त्यात प्रवाळाला रंग दिलेला होता.

प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये असला रंग म्हणजे पाचवीची वही. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळे नव्हे. तिने गोळ्याचा वरचा भाग पांढरा ठेवला होता आणि खालची, खडकाच्या सावलीतली बाजू तपकिरी रंगवली होती. डाव्या अंगाला पांढऱ्यात तपकिरी ठिपके होते; उजव्या अंगाला काय होतं ते रागाच्या भरात मी नीट पाहिलंच नाही. बाजूला बाण काढून बारीक अक्षरात लिहिलं होतं: वरून, जिथे ऊन थेट लागते, तिथे पूर्ण पांढरे. सावलीच्या बाजूस अजून रंग आहे. ठिपके मोजले, पण लाटेमुळे दोनदा चुकले.

मी तिला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेत आम्ही दोघं आणि बाटल्या पुसणारे मामा. मी विचारलं, "हे कोणी सांगितलं तुला?"

"कोनी नाई, सर."

"त्या होडीवाल्याचं ऐकून रंगवलंस?"

"नाई, सर. मी पाह्यलं."

"आम्ही आंधळे होतो? एकोणीस जणांना पांढरं दिसलं, मला पांढरं दिसलं, आणि तुलाच रंग दिसला?"

ती खाली पाहत होती. मग म्हणाली, "वरतून पांढरंच दिसते, सर. बाजूनं पाह्यलं का दिसते. आमच्या वावरात कपाशी लाल पडते नं, तवा आधी उन्हाकडची पानं लाल होतात. म्हनून मी सावलीकडून पाह्यलं."

 कुठल्याही शिक्षकाने टेबलावरून उठून त्या पोरीला शाबासकी द्यावी असं ते वाक्य होतं. मला त्यात फक्त तयार करून आणलेलं उत्तर ऐकू आलं. मी कपाटातून मेंदूसारखा गोळा काढला, तिच्यासमोर टेबलावर आपटून ठेवला आणि म्हणालो, "हा कोणत्या रंगाचा आहे?"

"पांढरा."

"मग?"

मामा मध्येच म्हणाले, "साहेब, ते तं आपन..." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बाटली पुसायला लागले.

मी तिला सांगितलं की हे पान फाड, दुसरं काढ, पेन्सिलने, सगळ्यांसारखं. नाहीतर सही नाही. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. तिच्या घरी हे एक वर्ष कशावर चाललं होतं हे मला माहीत होतं: तिचं लग्न पदवीपर्यंत थांबवायचं एवढंच तिच्या घरच्यांनी कबूल केलेलं होतं.  तिने पान फाडलं. उभं, शिलाईला धरून, सफाईने, जर्नल खराब होऊ नये म्हणून. चार तुकडे केले आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकले. दुसऱ्या दिवशी पेन्सिलीची आकृती आली. मी सही केली. तिला बरे मार्क मिळाले.

मी हे विसरून गेलो. खरंच विसरलो, विसरायला काही घडलंय असं वाटायला हवं ना.

तीनेक वर्षांनी अमरावतीला प्राध्यापकांचं एक प्रशिक्षण होतं. असल्या प्रशिक्षणात दुपारच्या जेवणानंतरचं व्याख्यान म्हणजे डुलक्यांचं. त्या दिवशी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी पडद्यावर शेजारी शेजारी दोन फोटो लावले. एकाच प्रवाळाचे. एकात तो तपकिरी-हिरवा, दुसऱ्यात पांढराशुभ्र. त्या सांगत होत्या की पाणी नेहमीपेक्षा थोडं जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, अन्नही जातं. पाणी लवकर निवलं तर तो वाचतो. नाहीतर उपासमारीने मरतो. समुद्र आता वरचेवर तापतो आहे आणि जगभर हे होतं आहे.

मला सवयीने आधी त्यांचाच संशय आला. प्रोजेक्ट मिळवायला सगळे घाबरवतात, असं मी शेजाऱ्याच्या कानात म्हणालोसुद्धा. पण पडद्यावरचा पांढरा फोटो सरकेना आणि माझी नजरही सरकेना. आमच्या फळीवरचा गोळा तो. आमच्या होडीखालचा गोळा तो. मी वीस वर्षं पोरांना मढं दाखवून जिवंत प्राणी शिकवत होतो, आणि जिवंत प्राणी मरायला टेकलेला पाहिला तेव्हा आनंदाने ओरडलो होतो. माझ्याच नोट्समधलं ते वाक्य मला तिथे खुर्चीत बसल्याबसल्या अक्षरन् अक्षर आठवलं. 

शेवटी बाईंनी एक विनंती केली. मालवणच्या बाजूला तीनेक वर्षांपूर्वी प्रवाळ पांढरे पडले होते, पण सुरुवातीच्या दिवसांच्या नोंदी फार थोड्या आहेत. कोणती बाजू आधी गेली, किती उरलं होतं, हे कळलं तर फार उपयोग होईल. कुणी त्या सुमारास मुलांना सहलीला नेलं असेल तर फोटो, वह्या, काहीही पाठवा. ते साल आमचंच होतं.

घरी येऊन मी फोटो काढून पाहिले. सगळ्या फोटोंत आम्हीच, समुद्राकडे पाठ करून. जर्नलं रद्दीत जायची राहिली होती, ती काढली. वीस आकृत्या. पेन्सिलीच्या. आत कोरं.

त्या दिवाळीत मी पुन्हा मालवणला गेलो, एकटाच. तोच होडीवाला सापडला. त्याने मला ओळखलं की नाही कोण जाणे, ओळख दाखवली नाही. मी त्याला ती जागा सांगितली आणि म्हणालो, "तुम्ही तेव्हा खरं बोलत होता." तो नुसता मान हलवून वल्हं मारत राहिला. जागेवर पोचल्यावर मी डबा टेकवला. खाली गोळे होते आणि त्यांच्यावर हिरवट-तपकिरी रंग होता. माझ्या जिवात जीव आला. "आला की हो रंग परत!" मी म्हणालो.

"तो रंग न्हय, सर," तो म्हणाला. "ती शेवाळ. मेल्यावर वरसून चढता."

यावेळी मी त्याला काहीही विचारलं नाही.

ती मुलगी बार्शीटाकळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. मी एसटीने गेलो. पिशवीत चांगला ड्रॉइंग पेपर आणि अकोल्यात घेतलेली रंगीत पेन्सिलींची पेटी. वाटेत सारखं वाटत होतं, ती भेटायचीच नाही. नाहीतर फाटकातूनच परत पाठवेल, आणि मग आपली सुटका होईल. ती मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसली होती. मला पाहून चटकन उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला, "या नं, सर, बसा," म्हणाली, आणि आपल्या डब्यातली अर्धी भाकर झाकणावर काढून माझ्यापुढे सरकवली.

मी भाकरीला हात लावण्याआधीच सगळं सांगून टाकलं. चूक माझी होती. तू पाहिलंस ते खरं होतं. त्या जागेची, त्या दिवसांची कुणाकडेही नोंद नाही, फक्त तुझ्याकडे होती आणि ती मी फाडायला लावली. मला माफ कर, असं मी म्हणालो. विद्यार्थ्याला हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो आणि ते नीट आलेही नाहीत.

ती म्हणाली, "जाऊ द्या नं, सर. तुमी सही केली, माई परीक्षा झाली. मी आज इथं हाय ते त्याच्यानंच."

तिच्या बोलण्यात टोमणा असावा असं मला फार वाटत होतं. मी शोधला, पण नव्हता.

मग मी कागद पुढे केला. जेवढं आठवतं तेवढं काढून दे म्हणालो. तिने हात धुतले, पुसले, आणि काढायला बसली. बाह्यरेषा एका दमात आली. वरचा भाग कोरा सोडला. खालची सावलीची बाजू तपकिरी. डाव्या अंगाचे ठिपके तिने थांबून थांबून दिले, मध्येच डोळे मिटून.  उजव्या अंगाशी आल्यावर पेन्सिल थांबली.  बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली.

"इकडचं मले आता आठोत नाई, सर," ती म्हणाली. आणि मग पेटी माझ्याकडे सरकवून, अगदी सरळ, विद्यार्थ्याने विचारावं तशी म्हणाली, "तुमी सांगा, कोनता रंग भरू."